आरतीचा मान आणि वीस मिनिटे पाणी

५ जून २०२४ पासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागू झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून तातडीची सभा भरली. आम्ही भांडुपला राहतो. शहराला रोज मिळणाऱ्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाण्यातला फार मोठा वाटा आमच्याच उपनगरातल्या जलशुद्धीकरण संकुलातून पुढे जातो आणि तरीही आमच्या इमारतीला पाण्याचा दाब कधी पुरलेला नाही. या विसंगतीवरचे विनोद भांडुपकरांनी इतक्या वेळा केले आहेत की आता त्यावर कोणी हसतही नाही. जमिनीखालची टाकी तिन्ही विंगना मिळून एक, गच्चीवरच्या टाक्या प्रत्येक विंगला वेगळ्या, आणि खालचे पाणी वर कधी व किती वेळ चढवायचे हे वॉचमनच्या हातात. कपातीच्या पहिल्याच आठवड्यात खालची टाकी भरेनाशी झाली आणि टँकरचे बिल वाढू लागले.

सचिवांनी उपाय आणला होता. त्यांची सारी नोकरी विक्री विभागात झाली असल्यामुळे माणसे कशाने हलतात याबद्दल त्यांचे मत ठाम आहे. प्रत्येक विंगच्या टाकीला मीटर बसवायचा, दर रविवारी आकडे लिफ्टपाशी लावायचे आणि ज्या विंगचा वापर सर्वांत कमी भरेल तिला पुढचा आठवडाभर संध्याकाळी वीस मिनिटे जास्त पाणी सोडायचे, अशी ती योजना होती. "चुरस लागल्याशिवाय कोणी नळ बंद करत नाही," असे ते म्हणाले आणि खुर्च्यांमधून चांगल्यापैकी टाळ्या पडल्या. मी हात वर करून हरकत घेतली, तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही चौतीस वर्षे शाळेत काढलीत. मुलांना तुम्ही तरी दुसरे कशाने अभ्यासाला लावलेत?"

प्रश्न थट्टेचा होता, पण तो मला लागला, कारण त्याचे खरे उत्तर मला माहीत होते आणि ते माझ्या सोयीचे नव्हते.

नव्वदच्या दशकात मी मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. वर्गात मुले बावन्न आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक चार; त्यांतल्या एकाचा आरसा हरवलेला होता आणि त्या जागी आमच्या शिपाईमामांनी दाढीच्या आरशाचा तुकडा मेणाने चिकटवून दिला होता. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवायच्या होत्या. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटे जिना चढून येण्यात आणि जागेवर बसण्यात जाणार. उरलेल्या पंचवीस मिनिटांत चारही सूक्ष्मदर्शकांची मिळून शंभर मिनिटे होतात, म्हणजे मुलामागे जेमतेम दोन. ज्याने कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नाही, त्याला दोन मिनिटांत स्वतःच्या पापण्यांखेरीज काहीही दिसत नाही.

मी तेव्हा तरुण होते आणि उत्साही होते. सहा-सात मुलांचे आठ गट पाडले, भिंतीवर तक्ता लावला आणि जाहीर केले की जो गट पेशी आधी शोधून आकृती काढील त्याला एक तारा मिळेल आणि आठवडाअखेर ज्याचे तारे जास्त, त्याला पुढच्या प्रयोगाच्या वेळी सूक्ष्मदर्शक सर्वांत आधी आणि पाच मिनिटे जास्त मिळेल. वर्ग एकदम जागा झाला. पहिल्या आठवड्यात मी शिक्षकांच्या खोलीत याबद्दल बढाईही मारली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून काचा फुटू लागल्या. काचपट्टीवरची पातळ आच्छादन काच भिंग खाली टेकले की 'कट्' असा अगदी बारीक आवाज करून तडकते. तो आवाज मला वर्गाच्या दुसऱ्या टोकालाही ओळखू यायला लागला. प्रथम मला वाटले की घाईमुळे होते आहे. मग एके दिवशी मी एका मुलाचा हात पाहिला. त्याचे पाहून झाले होते, पुढच्या गटाला जागा देण्यासाठी तो उठत होता आणि उठता उठता त्याने मोठा स्क्रू सहज, शर्टाची बाही सारखी करावी तसा, दोन वेढे फिरवून ठेवला. पुढच्या गटाला आता नुसते धुके दिसणार होते. त्यांनी घाबरून उलटा स्क्रू फिरवला की भिंग काचेत घुसणार होते. तो मुलगा वाईट नव्हता. मी मांडलेला डाव त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला होता, इतकेच.

त्याच महिन्याच्या वह्या तपासताना मला एक आकृती सापडली. पेशी विटांसारख्या रचलेल्या, प्रत्येकीच्या बरोबर मध्यभागी केंद्रक, आणि खाली सुवाच्य अक्षरात पुस्तकातला आकृती क्रमांकही जसाच्या तसा उतरवलेला. शेवटच्या गटातला हा मुलगा महिनाभर सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचलाच नव्हता. पहिला आलेला गट पुढच्या वेळी पाच मिनिटे जास्त घेई, म्हणून पुन्हा पहिला येई, आणि शेवटच्या गटाची दोन मिनिटे आक्रसत आक्रसत पुस्तकातल्या पानावर येऊन थांबली होती.

तक्ता मी काढला नाही, हिशेब बदलला. प्रत्येक सूक्ष्मदर्शकापाशी एक राखणदार नेमला, त्याने पुढच्या गटासाठी दृश्य स्पष्ट करून द्यायचे. आणि गटाला तारा कधी, तर गटातल्या कोणाही मुलाला मी बोलावले आणि त्याने मला केंद्रक बोट ठेवून दाखवले तर. पुढे कळले की अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरनसन यांनी १९७१ साली याच अंगाने जाणारी पद्धत बसवली होती. तिथे धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे असे आणि इतरांना समजावून दिल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नसे. माझ्याकडे तेवढा विचार नव्हता. काचा फुटायच्या थांबाव्यात एवढीच माझी इच्छा होती आणि काचा फुटायच्या जवळजवळ थांबल्या.

पण मग वर्गातली सर्वांत हुशार मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली आणि डबा हातात तसाच धरून म्हणाली, "बाई, मला केंद्रक दिसले. त्याला दिसत नाही, तर माझा तारा का थांबतो?" मी म्हटले, तू त्याला दाखव. ती म्हणाली, "तीनदा दाखवले. तो बघतच नाही." तिच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर नाही. सहकार्याचे गोडवे गाणाऱ्यांनी अशा मुलीसमोर एकदा उभे राहून पाहावे. शेवटी आकृतीचे गुण ज्याचे त्याला आणि तारा गटाला, अशी विभागणी मी केली. ती तिला पटली नाही. तिने ती सोसली.

त्यानंतर काही वर्षांनी एका उन्हाळी प्रशिक्षणात अलेक्झांडर मिन्ट्झ या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचायला मिळाला आणि तो वाचताना मला माझीच प्रयोगशाळा दिसली. अरुंद मानेची काचेची एक बाटली, तिच्यात धातूचे छोटे शंकू, प्रत्येक शंकूला दोरा आणि दोऱ्याचे टोक एकेका माणसाच्या हातात. पंधरा ते एकवीस माणसे बाटलीभोवती. बाटलीत तळातून पाणी चढू लागे. मानेतून एका वेळी एकच शंकू निघू शकतो. ज्याचा शंकू कोरडा निघेल त्याला थोडे पैसे आणि ज्याचा भिजेल त्याला दंड, असे सांगितले की निम्म्याहून अधिक वेळा सगळे शंकू मानेत अडकून बसत आणि कोणाचाच बाहेर निघत नसे. तीच बाटली, तेवढेच शंकू, पण गटाने मिळून सगळे बाहेर काढायचे आहेत असे सांगितले की कोंडी होत नसे. घाबरवण्यासाठी मिन्ट्झ यांनी मध्ये ओरडणारी माणसेही पेरून पाहिली होती; त्यांच्या ओरडण्याने काही फरक पडला नाही. कोंडी भीतीमुळे होत नव्हती, बक्षीस बाटलीच्या मानेतच ठेवल्यामुळे होत होती.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला ही बाटली वेगळी समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडी फलाटाला लागायच्या आत, ती अजून चालती असतानाच, महिला डब्याच्या दारांवर जे होते ते मी तीस वर्षे केले आहे आणि त्याचा मला अभिमान नाही. कोपरे, पर्सचे पट्टे, एकीचा ओढणीला लागलेला हात, दुसरीची पायात निघालेली चप्पल. डब्याला दारे आहेत, माणसे आत जाणारच आहेत, आणि तरीही पहिल्या वीस सेकंदांत दारे बुजून जातात. पण याच बायका, याच डब्यात, गाडी सुटल्यानंतर काय करतात ते पाहण्यासारखे आहे. उभी असलेली बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" ती म्हणते, घाटकोपर. झाले, घाटकोपरला ती जागा हिची. तेवढ्यात तिसरी दुसरीला विचारते, तुम्ही कुठे, ती म्हणते मुलुंड, आणि घाटकोपरहून मुलुंडपर्यंतची तीच जागा संपल्यावर ती तिसरीच्या नावावर लागते. हे कुठे लिहून ठेवलेले नसते. यासाठी तिकीट तपासनीस नसतो. ठरलेल्या जागेवर भलतीच कोणी बसली तर आठ बायका एकाच वेळी तिच्याकडे पाहतात आणि ती उठते. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असलेल्या गाडीत हा व्यवहार चालतो आणि बहुतेक वेळा बिनबोभाट चालतो.

म्हणजे टंचाई तीच, माणसेही तीच. दारात त्यांचे एक रूप आणि डब्यात दुसरे. फरक मला एवढाच दिसतो की दारात कोणाला काय मिळणार हे पुढच्या वीस सेकंदांत ठरणार असते आणि आपण कोण हे कोणाला ठाऊक नसते. डब्यात तास काढायचा असतो, आणि उद्या याच गाडीला पुन्हा याच बायकांची तोंडे पाहायची असतात.

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. आमच्या मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला दोन नळ होते. पाणी पहाटे साडेचारला येई आणि सहाच्या सुमारास जाई, आणि आदल्या रात्रीच नळापाशी डबे, कळश्या, फुटके घमेले, क्वचित एखादी वीटसुद्धा नंबरात लागलेली असे. नळावरच्या भांडणांबद्दल जे काही मराठीत बोलले जाते ते सगळे खरे आहे आणि आमच्या मजल्यावर ते सगळे झालेले मी पाहिले आहे. चाळीतल्या जिव्हाळ्याचे जे चित्र आता नाटकांतून आणि आठवणींतून रंगवले जाते, त्यातला नळ कोरडा असावा असे मला नेहमी वाटते. पण भांडणे होत ती नियम मोडल्यावर, आणि नियम होते. पहिल्या फेरीत प्रत्येक खोलीला पिण्याचा एक हंडा. वीसही हंडे भरेपर्यंत दुसरा हंडा कोणी लावायचा नाही, मग ती कितीही आधी उठलेली असो. दुसऱ्या फेरीत दोन बादल्या. बाळंतीण असलेल्या खोलीची बादली मध्येच भरायची, तिला कोणी विचारायचे नाही. धुणे नळाखाली आणायचे नाही. हे नियम कोणी केले ते कोणालाच माहीत नव्हते, पण ते राखायच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी, आणि राखायच्या म्हणजे काय करायच्या, तर जिने दुसरा हंडा मध्येच घुसवला, तिचा हंडा उचलून मुकाट्याने रांगेच्या शेवटी ठेवून यायच्या. त्या बोलत नसत. त्यांनी बोलावे असे त्या बाईला फार वाटे, कारण मग भांडता आले असते.

१९६८ साली पर्यावरणाचे अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी लिहिले होते की सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले आणखी एक जनावर सोडणार आणि कुरण उजाड होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणे, कालवे आणि मासेमारीचे किनारे यांचा अभ्यास करून दाखवले की अनेक ठिकाणी असे होत नाही, कारण तिथली माणसे एकमेकांना ओळखतात, नियम स्वतः करतात आणि स्वतःच राखतात. त्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आमच्या आजींच्या वाट्याला पारितोषिक येणे शक्य नव्हते, पण आपल्याकडे धुळे आणि नाशिक भागातल्या फड पद्धतीत हीच गोष्ट शेकडो वर्षे चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक. शेतकऱ्यांची जमीन साधारणपणे वेगवेगळ्या फडांत विभागलेली असते, त्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरले तर तो फटका कोणा एकाच्या घरात शिरत नाही, थोडा थोडा सगळ्यांच्या घरात शिरतो. पाटकरी पाणी फिरवतो. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. तुटवडा कसा वाटून घ्यायचा हे पाऊस पडण्याच्या आधीच जमिनीत आखून ठेवलेले आहे, ही मला या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

चढाओढ कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न मात्र मी नळावर शिकले नाही, गिरणीच्या फाटकावर शिकले. माझे वडील सुरुवातीची कित्येक वर्षे कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत बदलीवाले फाटकावर जाऊन उभे राहत. कायम कामगारांपैकी जितके गैरहजर, तितक्यांनाच त्या दिवशी काम. कोणाला आत घ्यायचे ते मुकादम बोट दाखवून सांगे. वडील म्हणत की त्या वेळी शेजारी उभा असलेला माणूस गावचा आहे, आपल्याच खोलीत रात्री पाठीला पाठ लावून झोपलेला आहे, हे डोक्यातून जाई. तो आज आजारी का पडला नाही, असे मनात येई. आणि मुकादमाला दिवाळीला काय पोचले पाहिजे याचा हिशेबही तिथेच सुरू होई. नळाला पाणी कमी असले की नळाशी भांडता येत नाही. पण जेव्हा नळ माणसाच्या हातात असतो, तेव्हा रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहत राहावे यात त्या माणसाचे भले असते. गावकऱ्यांच्या त्या सामाईक खोलीत परत आल्यावर ज्याला काम मिळाले तो ज्याला मिळाले नाही त्याच्या खानावळीच्या डब्याचे पैसे भरी, आणि तो हिशेब कोणी वहीत मांडत नसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बायकांनी भिशीची चिठ्ठी काढणे बंद केले. ज्या घरात आधी चूल थंडावेल, त्या घराला भिशी. काही महिने हे चालले. मग भिशीत टाकायलाच कोणाकडे काही उरले नाही आणि ती बंद पडली. एकमेकांना धरून राहिल्याने टंचाई संपत नाही, हेही तिथेच पाहायला मिळाले.

यावर कोणी म्हणेल की मग स्पर्धा वाईटच. मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण १ मे २०१८ चा दिवस आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांपासून सुरू झाली होती. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव पन्नास लाखांचे पहिले बक्षीस घेऊन गेले आणि २०१८ पर्यंत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली. पंचेचाळीस दिवसांत गावाने श्रमदानातून पाणी अडवण्याची किती कामे केली, यावर गुण. त्या महाराष्ट्र दिनी शहरांतून हजारो माणसे जलमित्र म्हणून गावोगाव गेली, त्यांत शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर पहाटे साडेसहाला आम्ही सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खणत होतो. एक सातवी-आठवीतला मुलगा पातळी पाहायची लाकडी 'ए फ्रेम' घेऊन पुढे चालत होता. फ्रेमच्या मध्ये दोरीला बांधलेला दगड खुणेवर स्थिरावला की तो चुन्याने ठिपका टाकी आणि आम्ही त्या ठिपक्यामागून टिकाव मारायचा. माझ्या हाताला अर्ध्या तासात फोड आले. शेजारी खणणाऱ्या एका काकूंनी माझ्याकडे न पाहता पदराची चिंधी फाडून दिली आणि विचारले, "पलीकडच्या गावात किती जण आलेत हो मुंबईचे?" मी म्हटले, एक बस गेली. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे दीड आलीय," आणि घमेले डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

ती चुरस मनापासूनची होती. त्या गावातली पोरे रात्री मोटारसायकलवरून शेजारच्या गावाची कामे मोजून येत, असे तिथे उघडपणे सांगितले जात होते. पण त्यांतल्या कोणीही पलीकडच्या गावाचा चर बुजवून आल्याचे मी ऐकले नाही, आणि बुजवून काही मिळणारही नव्हते, कारण पलीकडे मुरलेले पाणी जमिनीखालून कोणाच्या विहिरीला लागेल ते शिवारातल्या बांधाला विचारून ठरत नाही. टंचाई पाण्याची होती आणि स्पर्धा घामाची लावली होती. माझ्या प्रयोगशाळेत टंचाई सूक्ष्मदर्शकाची होती आणि बक्षीसही मी सूक्ष्मदर्शकच ठेवला होता. हे मला त्या माळावर, फोडावर चिंधी गुंडाळून बसल्यावर, पंचवीस वर्षे उशिरा कळले.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांच्या प्रयोगातल्या मुलांची कथा याच्या जवळची आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांना शिबिरात आणून दोन गट केले गेले, आणि सामने लावून एकाच गटाला पदके व चाकू मिळतील असे सांगितल्यावर चार-सहा दिवसांत ती मुले एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. त्यांना एकत्र जेवायला बसवून काही साधले नाही. त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शिबिराचे पाणी बंद पाडण्यात आले. टाकीपासूनच्या वाटेवर दोष शोधायला दोन्ही गट निघाले, टाकीच्या तोटीत पोते कोंबलेले सापडले आणि ते काढायला दोघेही लागले. एकदा जेवण आणणारा ट्रक 'बंद' पडला, तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच खेळली होती तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. एक गोष्ट मात्र ही कथा सांगताना बहुतेक जण गाळतात. त्याच्या आदल्या वर्षी शेरीफ यांनी असाच एक प्रयोग दुसऱ्या मुलांवर केला होता आणि तो फसला होता, कारण त्या मुलांची गट पाडण्याआधीच मैत्री झालेली होती, ती भांडेनात, आणि आपल्याला कोणीतरी लावून देते आहे असा संशय त्यांना आला. मुकादमाचा हात त्यांना दिसला, असे मी म्हणेन.

यातले काहीही मी त्या रविवारी सभेत बोलले नाही. भाषण ऐकायला कोणी आलेले नव्हते आणि डास चावत होते. मी एवढेच म्हटले की मीटर बसवा, आकडेही लावा, पण पाणी तिन्ही विंगना सारखेच सोडा. वीस मिनिटे एकीला दिली की ती दुसरीच्या टाकीतूनच येणार, आणि मग रात्री कोण कोणाचा व्हॉल्व्ह फिरवून ठेवील ते वॉचमनलाही कळणार नाही. बक्षीस हवेच असेल, तर जी विंग जिंकेल तिला गणपतीत पहिल्या दिवसाच्या आरतीचा मान द्या. सचिव क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, मान फुकट पडतो, हे तुम्ही विक्रीत असतात तर लवकर कळले असते." ठराव मंजूर झाला.

पुढचे आठ आठवडे सुखाचे गेले असे मी म्हणणार नाही. सी विंगमध्ये भाडेकरू जास्त, एकेका फ्लॅटमध्ये पाच-सहा मुलगे. त्यांनी माणशी हिशेब मागितला आणि तो रास्त होता. मग घरकाम करणाऱ्या बायका कोणत्या विंगच्या माणसांत मोजायच्या यावर एक सबंध संध्याकाळ गेली. बी विंगमधल्या एक वहिनी कपडे धुवायला मुलुंडला बहिणीकडे नेतात, अशी बातमी ए विंगने पसरवली. पण आकडे लागू लागल्यावर ए विंगचा रात्रीचा वापर विचित्र आहे हे आधी बी विंगच्याच एका आजोबांच्या लक्षात आले, आणि त्यांनी तो गुपित न ठेवता बोलून दाखवला. चौथ्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमधली फ्लशची टाकी महिनोन् महिने वाहत होती. ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त फिटर राहतात, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हते. ते पाना घेऊन तिन्ही विंगचे बॉलकॉक पाहून आले. टँकर आठवड्याला तीनवरून एकावर आला.

२९ जुलैला कपात मागे घेतली गेली. सप्टेंबरात गणपती आले तेव्हा आरतीचा मान बी विंगकडे गेला आणि बी विंगमध्ये ताट कोणी धरायचे यावरून दोन घरांत अबोला झाला, तो अजून आहे. मानही शेवटी एकच होता आणि ताटाला हात दोनच लागतात, हे मला ठराव मांडण्यापूर्वी सुचायला हवे होते. त्या दिवशी मला ती डबा हातात धरून उभी असलेली मुलगी आठवली; तिने मला हे आधीच विचारले असते.

आकड्यांचा तक्ता लिफ्टपाशी अजून लटकतो आहे. ऑगस्टनंतरचे रकाने कोणी भरलेले नाहीत. गेल्या आठवड्यात भाजी घेऊन येताना मी थांबले, तर रिकाम्या रकान्यात बॉलपेनने लिहिलेले होते: "सी विंगची टाकी पहाटे भरून वाहते." खाली वेगळ्या अक्षरात, थोडे तिरके: "पाहिला. वायसर गेला होता. बदलला. — ए ३०२." आणि त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी, बहुधा सी विंगमधल्या एखाद्या मुलाने: "काका, वायसरचे किती झाले?"